मित्राची पेटी

गेल्या वर्षी आमच्या मंडळातला एक जुना मित्र गेला. दिवस-कार्य आटोपल्यावर महिन्याभराने वहिनींनी मला फोन करून बोलावले आणि गराजच्या कोपऱ्यातली लाल पत्र्याची पेटी दाखवली. "भावजी, यातले काय कुठले, मला काही कळत नाही. मुले म्हणतात गराज सेलमध्ये काढून टाक. तुम्ही एकदा बघा, मग काय ते ठरवू."

मी दुपारभर त्या पेटीपाशी बसलो. निम्मी हत्यारे माझ्या ओळखीची होती, काही तर आम्ही दोघांनी मिळून विकत घेतलेली. एकेक वस्तू फडक्याने पुसून बाजूला ठेवताना वाटले, की अमेरिकेत आलेल्या आपल्या पिढीचा एक इतिहास या पेटीत आहे, आणि तो कुणी लिहिलेला नाही.

सुरुवात थोडी मागून करायला हवी. आमच्या दोघांच्याही घरी दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पाटी-पुस्तकांची पूजा होई. हातोडी, ऐरण, करवत आणि कानस यांची पूजा खंडेनवमीला व्हायची, पण ती लोहाराच्या आणि सुताराच्या घरी. आपले काम लेखणीचे, हात काळे करण्याचे काम दुसऱ्याचे, ही वाटणी कुणी बोलून दाखवत नसे, पण सर्वांना ठाऊक असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, हे आम्ही अभिमानाने शिकलो. पण "तूही सायकलचे दुकान काढ" असे कुठल्या बापाने मुलाला सांगितल्याचे मी तरी ऐकले नाही. पुढे आम्ही मेकॅनिकल इंजिनिअर झालो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा कानशीने महिनाभर घासला, आणि तो शेवटी तिथल्या मदतनिसाने सरळ करून दिला. खऱ्या मोटारीचा नट मात्र चार वर्षांत एकदाही फिरवला नाही.

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेने देशवार कोटा रद्द केला आणि शिकलेल्या माणसांना दार उघडले. आपल्यापैकी पुष्कळजण त्या दारातून आत आलो, ते डोक्यातल्या विद्येवर. गंमत अशी, की आत आल्यावर पहिली गरज पडली ती हातांची.

१९७२ साली आम्ही दोघांनी भागीत एक जुनी डॉज डार्ट घेतली. हिवाळ्यात तिचा पाण्याचा पंप गळू लागला. मेकॅनिकने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गुपचूप गाडी परत आणली. ती रक्कम आमच्या असिस्टंटशिपच्या दोन आठवड्यांच्या पैशांइतकी होती. सुदैवाने त्या गाडीतले 'स्लँट सिक्स' इंजिन एका बाजूला तीस अंशांत कललेले असे, आणि हात घालायला भरपूर मोकळी जागा असे. शेजारचा एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ, हायस्कूलपुरते शिकलेला, आम्हा दोन मास्टर्सवाल्यांना सॉकेट कसे धरायचे ते पार्किंगमध्ये थंडीत उभा राहून शिकवत होता. पंप बसला. त्या रात्री आम्ही जो आनंद केला, तसा पदवी मिळाली तेव्हाही केला नव्हता.

आता पेटीकडे वळू. वरच्या खणात सॉकेट सेट, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला गोटी पाना म्हणतात तो. पूर्वी प्रत्येक मापाचा पाना स्वतंत्र आणि दांड्यासकट एकसंध असे. १९२० साली मिलवॉकीच्या जोसेफ जॉन्सनने दांडा आणि गोटी वेगळी केली. पाच दांडे आणि दहा गोट्या पन्नास पान्यांचे काम करतात, अशी त्याची जाहिरात होती. त्यातून 'स्नॅप-ऑन' कंपनी उभी राहिली. तिची हत्यारे धंदेवाईक मेकॅनिकच्या खिशाला परवडणारी, आमच्या नव्हे. आमचे दैवत सिअर्सचे 'क्राफ्ट्समन'. हे नाव सिअर्सने १९२७ साली घेतले. त्याच्या हातहत्यारांना आयुष्यभराची हमी असे. मोडका रॅचेट काउंटरवर ठेवला, की विक्रेता पावती न मागता नवा देई. "आयुष्यभर म्हणजे कुणाच्या आयुष्यभर?" असे माझ्या मित्राने एकदा विचारले होते. उत्तर आता मिळाले आहे. सिअर्सचा जाडजूड कॅटलॉग १९९३ मध्ये बंद पडला, क्राफ्ट्समन हे नाव २०१७ साली स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरला विकले गेले, आणि २०१८ मध्ये सिअर्सने दिवाळे जाहीर केले. मित्राच्या पेटीतला रॅचेट मात्र अजून टिक-टिक करत फिरतो.

त्या रॅचेटच्या पाठीवर एक छोटे बटण आहे. ते दाबले, की गोटी सुटून हातात येते. तेलकट बोटांनी ओढाताण करावी लागत नाही. हे बटण पीटर रॉबर्ट्स नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने १९६३ साली शोधले. तो मॅसॅच्युसेट्समध्ये सिअर्सच्याच दुकानात नोकरीला होता. कंपनीने त्याला दर नगामागे दोन सेंट, आणि तेही जास्तीत जास्त दहा हजार डॉलरपर्यंत, देऊन हक्क घेतले. मग असे रॅचेट लाखोंनी खपले. रॉबर्ट्सने कोर्टात दाद मागितली. ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला, तरी प्रकरण रेंगाळत राहिले, आणि १९८९ साली ब्याऐंशी लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्यातले कित्येकजण कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम करून आपल्या नावची पेटंटे एका डॉलरला कंपनीच्या नावे करून देत आलो. त्यांना हे बटण दाबताना थोडे वेगळे वाटावे.

दुसऱ्या खणात दोन हत्यारे शेजारी शेजारी होती, आणि दोन्ही आपल्यासारख्याच परक्यांची. पहिला क्रेसेंट पाना, म्हणजे स्क्रू फिरवून जबडा लहानमोठा करता येतो तो. त्याची मूळ रचना स्वीडनची. न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनला १९०७ साली कार्ल पीटरसन या स्वीडिश माणसाने कंपनी काढली, आणि तिचे नाव या पान्याला कायमचे चिकटले. दुसरी व्हाइस-ग्रिप, म्हणजे लॉक होणारी पक्कड. नेब्रास्कातल्या डिविट या छोट्या गावात विल्यम पीटरसन हा डॅनिश लोहार होता. भट्टीवर तापलेले लोखंड एका हाताने घट्ट धरायचे आणि दुसऱ्याने काम करायचे, ही त्याची रोजची अडचण. १९२४ साली त्याने पकडीला असा खटका बसवला, की एकदा आवळली की हात सोडला तरी ती सुटत नाही. बोल्टचे डोके झिजून गुळगुळीत झाले, की शेवटी हिलाच शरण जावे लागते. तिथला कारखाना २००८ साली बंद झाला आणि काम चीनला गेले. लोहाराच्या घरची ही वस्तू सरस्वतीपूजकांच्या पेटीत पोचायला दोन महासागर ओलांडावे लागले!

तिसऱ्या खणात पान्यांच्या दोन जुड्या होत्या. एकीला लाल चिकटपट्टी, दुसरीला निळी. लाल म्हणजे इंच, निळी म्हणजे मिलिमीटर. हा रंगांचा शोध आमचा, आणि अनुभवातून आलेला. भारतात आम्ही ज्या जुन्या ब्रिटिश यंत्रांवर शिकलो त्यांचे आटे व्हिटवर्थचे. त्यांच्या पान्यावर लिहिलेले माप बोल्टच्या दांडीचे असे, डोक्याचे नव्हे. म्हणून तिथला 'अर्ध्या इंची' पाना प्रत्यक्षात पाऊण इंचाहून रुंद. इथला अर्ध्या इंची पाना खरोखरच अर्धा इंच. त्यात १९५६ च्या कायद्याने भारत मेट्रिक झाला होता, आणि आम्ही आलो अशा देशात जो इंचाला चिकटून होता. १९७३ च्या तेलटंचाईनंतर टोयोटा आणि डॅटसन घरोघर आल्या, त्या मिलिमीटरच्या. डेट्रॉइटनेही १९७६ ची शेव्हेट मेट्रिक मापांत काढली. त्यानंतर कित्येक वर्षे एकाच अमेरिकन गाडीत दोन्ही जातींचे बोल्ट सापडत. १९ मिलिमीटर आणि पाऊण इंच यांत फरक केसाएवढा, म्हणून चालून जाई. पण १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या बोल्टवर चढवून जोर लावला, की डोके गोल झालेच. मग काढा व्हाइस-ग्रिप.

पेटीच्या तळाशी एक फाटके, काळ्या बोटांच्या ठशांनी भरलेले पुस्तक होते. चिल्टन आणि हेन्स यांची पुस्तके घराघरांत होती, पण हे होते जॉन म्यूरचे १९६९ सालचे, फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी ते सांगणारे. ज्याला काहीच येत नाही अशा माणसासाठी लिहिले आहे, असे ते शीर्षकातच सांगते. पाठ्यपुस्तकांत वाढलेल्या आम्हाला हा धक्काच होता. ज्ञान असूनही कुणाला न हिणवता लिहिता येते, हे मी त्यातून शिकलो. पुढे १९८७ पासून मॅग्लिओझी बंधूंचा 'कार टॉक' देशभर रेडिओवर आला. दोघे एमआयटीचे पदवीधर, आणि १९७३ साली केंब्रिजला त्यांनी लोकांना जागा आणि हत्यारे भाड्याने देणारे गॅरेज काढले होते. शनिवारी सकाळी त्यांचे हसणे ऐकताना वाटे, की ही माणसे आपल्याकडे जन्मली असती तर त्यांच्या आईने काय म्हटले असते!

एका वस्तूबद्दल स्वतंत्रपणे लिहितो. जॅक स्टँडची जोडी. १९७४ साली मी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायला निघालो होतो. मित्राने हाक मारली म्हणून मागे वळलो, आणि गाडी जॅकवरून घसरून धाडकन खाली आली. चूक सर्वस्वी माझी होती. दुसऱ्या दिवशी तो न बोलता ही जोडी घेऊन आला. रॅचेट कितीही सुंदर असो, पेटीतले सर्वांत मोलाचे हत्यार कोणते असे विचारलेत तर मी हेच सांगेन.

आमचा टायमिंग लाइट आणि फीलर गेज आता निवृत्त आहेत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि पॉइंट्स घासण्याचा रविवार संपला. १९९६ च्या मॉडेलपासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा एकसारखा सॉकेट सक्तीचा झाला. त्यात छोटा कोड रीडर खुपसला, की गाडी स्वतःचे दुखणे सांगते. वहिनींच्या गाडीतला दिवा गेल्या हिवाळ्यात लागला, तेव्हा कोड निघाला पी ०४५५; पेट्रोलच्या टाकीचे झाकण नीट आवळलेले नव्हते, एवढेच.

पण जी गाडी बोलते, ती कुणाशी बोलावी हे तिचा कारखानदार ठरवू पाहतो. २०१२ साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने ठरवले, की दुरुस्तीची माहिती मालकाला आणि स्वतंत्र मेकॅनिकलाही मिळालीच पाहिजे. २०१४ मध्ये कंपन्यांनी ते देशभर मान्य केले. २०२० साली बिनतारी जाणाऱ्या माहितीबद्दल पुन्हा मतदान झाले, पुन्हा लोक जिंकले, आणि कंपन्यांनी लगेच कोर्ट गाठले. हा वाद मला जुना वाटतो. कुणी पेटी उघडावी आणि कुणी उघडू नये, हे आपल्या गावातही असेच दुसऱ्याने ठरवलेले होते.

वहिनींना मी सांगितले, पेटी विकू नका. मुलांना तिची किंमत नव्हती असे नाही. त्यांना कुणी तिची गोष्टच सांगितली नव्हती. आम्ही पैसे वाचवण्यासाठी शिकलो, आणि परिस्थिती सुधारल्यावर मुलांना म्हटले, "तू अभ्यास कर, गाडीचे मी बघतो." म्हणजे तीच जुनी वाटणी आम्ही नकळत गराजमध्ये परत आणली. ती चूक आमची.

यंदाच्या खंडेनवमीला वहिनींनी पेटीची पूजा केली. झेंडूची फुले रॅचेटवर ठेवली. त्यांची चौदा वर्षांची नात तिथे होती. पूजा झाल्यावर तिने निळ्या पट्टीचा पाना उचलून विचारले, "काकाआजोबा, हा कशासाठी?" वहिनींच्या गाडीचे तेल बदलायचे होतेच. मी आधी जॅक स्टँड बाहेर काढले.