संग्रामदुर्गाच्या आतून

इंद्रायणीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत तुमची गाडी अडकलीय. मोशी मागे राहिली, चाकणची पहिली शिफ्ट गाठायचीय. गाडी बंद करा आणि २१ जून १६६० ला या.

पुण्याहून निघालेली शाहिस्तेखानाची फौज आज चाकणला येऊन थडकलीय. तुम्ही संग्रामदुर्गाच्या आत आहात. सोबत जेमतेम तीन-साडेतीनशे माणसं, किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. तट आहे, बुरूज आहेत, खंदक आहे. पायाखाली डोंगर तेवढा नाही. भुईकोटाला उंचीचा आधार कुठला! कुमकेचं नाव काढू नका. महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात आहेत.

पाऊस उघडीप देत नाही. घोंगडीची खोळ पुढे ओढून तुम्ही जामगी कोरडी ठेवता, तरी कान्यातली रंजक भिजते आणि बार फुसका जातो. खालची तऱ्हा वेगळी नाही. खानाचे लोक गुडघाभर चिखलात मोर्चे खणतात, दमदमे रचून तोफा वर चढवतात. आषाढ सरतो, श्रावण लागतो. जुलैच्या मध्याला महाराज पन्हाळ्यावरून निसटून विशाळगडाला पोचलेत, पण चाकणला अजून कोणी आलेलं नाही.

१४ ऑगस्ट, दुपारचे तीन. मोर्चातून बुरुजाखाली भुयार पोचलंय. सुरुंगाला बत्ती मिळते आणि ईशान्येचा बुरूज माणसांसकट उडतो. खिंडारातून मोगल आत घुसतात, तर समोर मातीचा बांध! आतल्यांनी तो आधीच घालून ठेवलाय. त्याच्या आडून तुम्ही बंदुका चालवता, बाण सोडता, शेवटी दगड भिरकावता. रात्रभर ते खिंडारात आणि तुम्ही बांधामागे. सकाळी पुन्हा एल्गार होतो आणि बांधही जातो. बुंदीचा राव भाऊसिंग मध्ये पडतो, फिरंगोजी किल्ला खाली करतात.

मान खाली घालू नका. लिथुआनियात १३३६ साली ट्यूटॉनिक सरदारांनी पिलेनाई घेरलं, तेव्हा मार्गिरिसच्या लोकांनी किल्ला पेटवून दिला आणि शरण जाण्याऐवजी मरण पत्करलं. कहाण्या अशाच शेवटाच्या होतात. मला मात्र फिरंगोजींचा हिशेब पटतो. किल्ला आज ना उद्या जाणारच होता. दोन महिन्यांच्या आसपास खानाला इथे खिळवलं, तेवढा पावसाळा स्वराज्याच्या पदरात पडला. एका भुईकोटापायी मोगलांचे २६८ मेले, ६०० जखमी झाले. पुढच्या डोंगरी किल्ल्यांचा भाव खानाने मनातल्या मनात काढलाच असेल.

खान चाकणचं नाव इस्लामाबाद ठेवतो. फिरंगोजींना बोलावून चाकरी देऊ करतो. ते नाही म्हणतात आणि महाराजांकडे निघतात. महाराज त्यांचा मान करतात, भूपाळगड सांभाळायला देतात.