समान वाटा आणि अनुशेष

२८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात ठरवली. मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यायचं, असंही म्हटलं. वाटणी न्याय्य वाटते ना? पण मागे राहिलेल्याला समान वाटा दिला, तर अंतर तसंच उरतं. १९८४मध्ये वि. म. दांडेकर समितीने राज्याची सरासरी धरून जिल्हावार तूट मोजली. रस्ते, सिंचन, शिक्षण वगैरे मिळून अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा! १९९४मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. त्यांचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा, अशी घटनेतच तरतूद आहे. ३० एप्रिल २०२०ला मंडळांची मुदत संपली. आता सांगा, तूट मोजलीच नाही, तर जिल्ह्यांनी हक्क मागायचा कशाच्या आधारावर?