डहाणू खाडी : सूक्ष्मजीव आणि ऑक्सिजन

पालघर जिल्ह्यात डहाणू शहरालगतची भरती-ओहोटीची खाडी. काठाने तिवरांची झाडी आणि चिखलवट. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. खाडीकाठच्या 500 मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्रात धुरातील गंधक काढणारी यंत्रणा याच प्राधिकरणाच्या आदेशाने बसली (2007).

ही यंत्रणा धूर समुद्राच्या पाण्याने धुते, म्हणजे हवेतला गंधक पाण्यात उतरतो. त्यामुळे खाडीवर गंधकाचा बोजा पडतो, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण समुद्राच्या एक लिटर पाण्यात मुळातच सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते, त्यापुढे ही भर किरकोळ आहे. तिवरांच्या चिखलात पृष्ठभागाखाली थोड्याच अंतरावर ऑक्सिजन संपतो. तिथले जीवाणू सल्फेट वापरून पालापाचोळा कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात; ओहोटीला येणारा कुजक्या अंड्यांचा वास आणि गाळाचा काळा रंग त्यातलाच. त्यांना तुटवडा असतो तो सेंद्रिय द्रव्याचा, सल्फेटचा नव्हे. म्हणून नुसत्या वासावरून खाडी बिघडली असे म्हणता येत नाही.

खरी कसोटी ऑक्सिजनची. धुतलेल्या पाण्यातील सल्फाइटचे सल्फेट होताना ऑक्सिजन खर्च होतो आणि पाणी आम्लधर्मी असते, म्हणून सोडण्यापूर्वी त्यात हवा खेळवावी लागते. 20 अंशांना खारे पाणी लिटरमागे सुमारे 7.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, 30 अंशांना 6.2, उलट उष्णतेने जीवाणूंची भूक वाढते. अशा कोमट पाण्यात सांडपाणी मिसळले की ऑक्सिजनला दोन्ही बाजूंनी ओढ लागते. भरती दिवसातून दोनदा सगळे धुऊन नेते, असे यावर सांगितले जाते. मात्र ओहोटीबरोबर गेलेल्या पाण्याचा काही भाग पुढच्या भरतीला परततो, आणि भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाण्याची अदलाबदल उधाणापेक्षा (मोठ्या भरतीपेक्षा) बरीच कमी होते. उधाणाच्या भरतीला घेतलेला नमुना बव्हंशी समुद्राचाच असतो. खाडीची परीक्षा करायची तर एप्रिल-मेमध्ये, भांगाच्या ओहोटीला, शैवालांचे प्रकाशसंश्लेषण रात्रभर थांबलेले असताना, पहाटे नमुना घ्यायला हवा.

प्राणिजीवन : बोई, निवटी, खेकडे, कालवे.

वाढवण बंदर : पायाभरणी 30 ऑगस्ट 2024, जागा या खाडीत नव्हे, खुल्या किनाऱ्यावर.

तुलनेसाठी तलासरी तालुका : कुर्झे धरणाचा जलाशय. गोड्या पाण्यात सल्फेट अल्प असल्याने अशा जलाशयांच्या तळगाळात मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव वरचढ ठरतात.