तीन ते सहा वर्षांचं पोर : अंगणवाडीत काय शिकतं, घरी काय करावं?

जून जवळ आला की गावागावांत एकच चर्चा असते, पोराला कुठं घालायचं? तीन वर्षांचं लेकरू व्हॅनमध्ये बसवून तालुक्याला पाठवलं जातं आणि गावातली अंगणवाडी ओस पडते. 'तिथं नुसता खाऊ मिळतो,' असा समज आहे. पण या वयात पोराला पाटी-पेन्सिलपेक्षा वेगळंच काही लागतं.

अंगणवाडी आली कुठून?
ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर (आता पालघर जिल्हा) गेले. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पानं, बिया, शंख-शिंपले हेच शिकवायचं साहित्य. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली.

काय मिळतं?
- सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी नेण्यासाठी आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार
- लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेनुसार दवाखान्यात पाठवणी
- तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्व-प्राथमिक शिक्षण
- मातांना आहार व आरोग्याची माहिती

दर महिन्याला वजन करून घ्यावे. वयाच्या मानाने वजन फार कमी असेल तर तक्त्यावर ते नारिंगी पट्ट्यात दिसते. अशा वेळी 'आमचं पोर अंगानंच बारीक' म्हणून सोडून देऊ नये. उपाशी, आजारी पोराचं शिकण्यात लक्ष लागत नाही.

लिहायची घाई नको
तीन वर्षांच्या पोराची बोटं पेन्सिल धरायला तयार नसतात. मातीचे गोळे करणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं यातून बोटांत बळ येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरला असून त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे.

घरी काय करता येईल?
- हरभरा, तूर, मूग एकत्र करून वेगवेगळे करायला द्यावेत. मोठ्या माणसानं जवळ बसावं, दाणे नाका-तोंडात जाऊ देऊ नयेत.
- भाकरी थापताना मोजावं : एक तुझी, एक आजीची, एक आबांची.
- रोज रात्री गोष्ट सांगावी. घरी अहिराणी, कोरकू, वारली जी बोली असेल तीत बोलावं. घरच्या बोलीत पक्कं झालेलं पोर दुसरी भाषा लवकर उचलतं.
- रानात नेलं तर पाखरं, पानं, ढेकळं दाखवावीत आणि त्याच्या 'का?' ला उत्तर द्यावं. गप्प बसवण्यासाठी हातात मोबाईल देऊ नये.

ऊसतोडीला जाताना
कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी सेविकेला सांगावं आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. कोणती लस झाली, वजन किती होतं हे त्यावरून तिकडच्या सेविकेला कळतं. नाहीतर चार-पाच महिने पोर फडातच राहतं आणि डोसही चुकतो.

अंगणवाडीत खाऊशिवाय काही होत नसेल तर पालकांनी एक दिवस तिथं जाऊन बसावं, सेविकेशी बोलावं, ग्रामसभेत विषय मांडावा. पोरं नियमित आली तरच अंगणवाडी भरते, आणि पालकांनी विचारपूस केली तरच ती सुधारते.