नाणेघाटातलं राणीचं नाव

पावसाळा ओसरला की महिला मंडळांच्या डोंगरसहली निघतात. कुठे जायचं, हा प्रश्न दरवर्षी असतोच. आज अशा एका वाटेविषयी बोलू या, जिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचं नाव आपली वाट पाहतंय. ती वाट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट.

कोकणातून चढायचं तर मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावापासून सुरुवात होते. आधी रान लागतं, मग उभा चढ, आणि शेवटी कातळात खोदलेल्या पायऱ्या. चढण झेपत नसेल तर जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट घाटमाथ्यापर्यंत जाते. समोर नानाचा अंगठा, बाजूला जीवधन किल्ला. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. वर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात.

बहुतेक सहली रांजणापाशी फोटो काढून परततात. खरा ठेवा मात्र खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात आहे.

आत बसायला दगडी ओटे आहेत. डावी-उजवीकडच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख कोरलाय. सातवाहन राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची ही नोंद आहे. त्यात अश्वमेध आहे, राजसूय आहे. कुठे 10,001 गाई, कुठे 24,400 कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी. अगदी घरच्या हिशेबाच्या वहीसारखं सगळं मांडून ठेवलंय! हे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळ्या खुणा आहेत. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1828 साली हा लेख पाहिला, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1876 साली त्यातल्या अंकांवर निबंध प्रसिद्ध केला.

हा लेख एका विधवा राणीविषयी बोलतो. ती एका महारठीची मुलगी, राजाची पत्नी, राजपुत्रांची आई. महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी. लेख जागोजागी झिजलाय, त्यामुळे तिचं नाव तिथे नीट उरलेलं नाही.

मग ते कळलं कसं? मागच्या भिंतीवरून. तिथे राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या फुटून गेल्या. पावलांच्या जेमतेम खुणा आणि वर कोरलेली नावं उरली. त्यांत एका जोडप्याचं नाव आहे: देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. तीच आपली नागनिका. क्रम लक्षात आला का? आधी राणी, मग राजा.

मुलगे लहान असताना तिनेच राज्य सांभाळलं, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे याच घराण्यातले राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची ओळख सांगणारी नावं लावत. नाशिकच्या लेण्यात तर गौतमी बलश्री या राजमातेचा स्वतःचा लेख आहे. याचा अर्थ त्या काळी सगळ्या बायांना मान होता, असा नाही. पाठीवर ओझं घेऊन हा घाट चढलेल्या बाईचं नाव कुठल्याच भिंतीवर नाही. पण जे नाव उरलंय, ते तरी आपण वाचायला हवं ना?

म्हणून सहल ठरवताना वाटाड्याला आधीच विचारा, "लेण्यातलं राणीचं नाव दाखवाल ना?" घाटघरच्या परिसरातल्या माणसाला सोबत घेतलं तर वाटही कळते आणि त्याच्या घरी चार पैसेही जातात. अक्षरांना हात लावू नका, फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी फिरवू नका, आणि शेजारी आपली नावं तर मुळीच कोरू नका. मूर्ती गेल्या, लेखातलं नाव झिजलं. आता तिची एवढी एकच ओळ उरली आहे.