पुढच्या चाकावरचे यंत्र

महायुद्धाने पिळून निघालेल्या फ्रान्समध्ये १९४६ साली सोलेक्स कंपनीची मोटारसायकल नव्हे, मोटारवाली सायकल विक्रीस आली. पुढच्या चाकावर ४५ घनसेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन; त्याचा रूळ टायरला घासून चाक फिरवी.

पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले. त्याची काजळी धूर जाण्याच्या भोकात साचते आणि गाडी चढावर धापा टाकते. पुष्कळजण उगाच कार्ब्युरेटरला दोष देतात! हेड खोलावे, पिस्टन खाली आणावा, काजळी लाकडाच्या काडीने खरवडावी; लोखंडाने पिस्टनवर ओरखडे पडतात.

कारखान्यात आमच्या वाट्याला एकच बोल्ट येई; अख्खे यंत्र साहेबाच्या नकाशात. ही सायकल मात्र पगारदार माणूस रविवारी घरीच उलगडू शके. म्हणून आम्हां युनियनवाल्यांना तिचे अगत्य. १९८८ साली फ्रान्समधील उत्पादन थांबले.