बाळाच्या वजनासोबत उंचीही मोजा. शाळेतल्या अभ्यासाशी आहे संबंध

भंडारा : वयाच्या मानाने बाळाची उंची फारच कमी असेल तर त्याला खुजेपणा म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील १०० पैकी ३५ बालके खुजी आहेत.

गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या १००० दिवसांत मेंदूही झपाट्याने वाढतो. तेव्हा आहार कमी पडला, वारंवार हगवण लागली, तर पुढे शाळेत शिकणे जड जाऊ शकते.

दोन वर्षे पूर्ण झालेला मुलगा उभा ८१ सेंमीपेक्षा, मुलगी ७९ सेंमीपेक्षा कमी भरली तर अंगणवाडीताईंना दाखवा. जिल्हा धानाचा असला तरी सहा महिन्यांनंतर आईच्या दुधासोबत नुसता भात पुरत नाही. घट्ट वरण, अंडी, काटे काढलेली मासोळी कुस्करून द्या. "आईबापच बुटके" म्हणून सोडून देऊ नका.